पायथनच्या स्क्रिप्टमधून हलतं गिफ दाखवणं: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

स्क्रिप्ट चालते, विंडो उघडते, चित्रही दिसतं, पण ते हलत नाही. किंवा विंडो उघडते आणि आत नुसता रिकामा राखाडी चौकोन असतो. किंवा चित्र हलतं, पण विंडो बंद करायला जावं तर बटणच दाबलं जात नाही. किंवा पहिल्यांदा सगळं ठीक होतं आणि 'पुन्हा दाखवा' म्हटलं की तेच चित्र दुप्पट वेगाने धावायला लागतं.

पायथन आणि टीकेइंटर (पायथनमधून विंडो आणि बटणं बनवायची सोय) शिकवताना या चार तक्रारी माझ्याकडे सतत येतात. स्क्रिप्ट उघडून पाहिली की बहुतेक ओळी बरोबर असतात. चुकलेली असते ती समजूत. गिफ फाइल लेबलला (विंडोतल्या मजकूर किंवा चित्र दाखवणाऱ्या जागेला) दिली की ती आपोआप हलेल, असं आपण धरून चालतो. ब्राउझरमध्ये ती हलते, कारण तिथे एकामागून एक फ्रेम, म्हणजे गिफमधलं एकेक स्थिर चित्र, बदलण्याचं काम ब्राउझर करत असतो. टीकेइंटरच्या लेबलला हलणं ठाऊकच नाही. त्याला एक स्थिर चित्र दाखवता येतं, एवढंच. फ्रेम सुट्या करणं, त्या हाताशी धरून ठेवणं आणि ठरल्या वेळी एकेक बदलणं ही तिन्ही कामं तुमच्या स्क्रिप्टने करायची आहेत, आणि याच क्रमाने.

उदाहरण म्हणून अक्षर गिरवायला शिकवणारी छोटी स्क्रिप्ट घेऊ. डावीकडे अक्षरांची बटणं, उजवीकडे चित्र. 'क' दाबलं की रेघ कुठून सुरू होते, कुठे वळते आणि शेवटी शिरोरेषा कशी येते, हे हलत्या चित्रात दिसावं. पहिलीच्या वर्गातल्या जुन्या डेस्कटॉपवरही हे नीट चालायला हवं.

## टंकण्याआधी हे वाचा

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकात पायथनचे आणि टीकेइंटरचे शब्द रोमन लिपीतच टंकायचे. अंकही इंग्रजीच (0 ते 9) हवेत. ओळीत ५ असा देवनागरी अंक टाकलात तर पायथन ती ओळ नाकारतं.

आपण स्वतः ठेवलेली नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात. पुढच्या ओळींमधली विंडो, लेबल, पत्ता, मूळ, फ्रेम, पूर्ण, चित्रे, वेळा, दाखव, क्रमांक, पुढचा, हातखूण ही माझी नावं आहेत. ती जशीच्या तशी टंकलीत तरी चालतील. शिकणाऱ्या मुलांना त्याने खूप मदत होते, हा माझा अनुभव आहे.

सावधान: 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांसारख्या शब्दांतला अर्धा र काही कळफलक एक अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पायथन नावात ते चालवून घेत नाही आणि 'न दिसणारं अवैध चिन्ह' अशा अर्थाची तक्रार करतं. नाव ठेवताना असा र टाळा.

## टप्पा १: संगणक तयार आहे का ते पाहा

टीकेइंटर पायथनबरोबरच येतं. विंडोजवर अधिकृत इन्स्टॉलर वापरला असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. उबुंटू किंवा डेबियनवर मात्र ते वेगळ्या पॅकेजमध्ये असतं: पायथन३-टीके. खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पायथन', मग 'वजा एम' आणि 'टीकेइंटर' अशी आज्ञा द्या. एक इवलीशी चाचणी विंडो उघडते आणि तिच्यात टीकेची (टीकेइंटरच्या मागे खरं काम करणाऱ्या भागाची) आवृत्ती दिसते. ती उघडली नाही तर पुढे जाऊ नका.

दुसरी गरज पिलोची, म्हणजे चित्रांच्या फाइली वाचणाऱ्या पायथनच्या जोडसंचाची. असे संच पिप हे साधन बसवतं; पिप इन्स्टॉल पिलो म्हटलं की ते येतं. पण एका संगणकावर दोन-तीन पायथन असणं आता नेहमीचंच झालं आहे, आणि पिप भलत्याच पायथनमध्ये पिलो बसवून मोकळं होतं. म्हणून विंडोजवर नुसतं पिप लिहिण्याऐवजी 'पीवाय वजा एम पिप इन्स्टॉल पिलो' असं लिहा आणि स्क्रिप्टही पीवाय वापरूनच चालवा. उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पिप थेट बसवायला नकार देतं. तिथे आभासी पर्यावरण (या कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) करा किंवा वितरणाचं पायथन३-पीआयएल डॉट इमेजटीके हे पॅकेज घ्या. फक्त पायथन३-पीआयएल घेतलंत तर चित्र उघडेल, पण टीकेला देता येणार नाही.

बसवताना नाव पिलो असलं, तरी आयात करताना ते पीआयएल होतं, तीन मोठी अक्षरं. त्यातून आपल्याला तीन गोष्टी हव्यात: इमेज, इमेजटीके आणि इमेजसीक्वेन्स.

चूक जी सगळ्यात जास्त दिसते: आधी पीआयएलमधून इमेज आयात करायचं आणि त्याच्या खाली 'फ्रॉम टीकेइंटर इम्पोर्ट तारांकन' लिहायचं. टीकेइंटरमध्येही इमेज नावाचाच एक वर्ग (क्लास) आहे. तारांकनाने तो आत येतो आणि पिलोच्या इमेजला पुसून टाकतो. मग 'इमेजला ओपन नावाचा गुणधर्म नाही' अशी त्रुटी येते आणि माणूस पिलो पुन्हा पुन्हा बसवत राहतो. तारांकन वापरूच नका. 'इम्पोर्ट टीकेइंटर अ‍ॅज टीके' एवढंच पुरे.

तपासणी: तुमच्या स्क्रिप्टच्या फाइलला टीकेइंटर किंवा पीआयएल हे नाव दिलेलं नाही ना? दिलं असेल तर पायथन खरं टीकेइंटर सोडून तुमचीच फाइल आयात करायला जातं.

## टप्पा २: फाइल खरोखर हलणारी आहे का?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग नसलेली चूक स्क्रिप्टमध्ये तासन्‌तास शोधत बसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं गिफ बहुधा गिफ राहिलेलं नसतं. ते एमपी४ व्हिडिओ होऊन पोहोचतं. त्याचं शेपूट बदलून डॉट गिफ केलं म्हणून आतला मजकूर बदलत नाही, आणि पिलो 'चित्र ओळखता येत नाही' असं म्हणून थांबतं. अशी फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवरून मूळ रूपात मागवा. वेबवरून जतन केलेलं चित्र पुष्कळदा वेबपी असतं. पिलोला तेही वाचता येतं, फक्त आपण काय वाचतो आहोत हे आपल्याला माहीत असावं.

विंडोजमध्ये फाइलचं शेपूट लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररमध्ये ते दिसेल असं करून ठेवा. नाहीतर डॉट गिफ डॉट पीएनजी अशा दुहेरी शेपटाच्या फाइली ओळखू येत नाहीत.

आता तीन ओळींची चाचणी करा. इमेज डॉट ओपनने फाइल उघडा, मग फॉरमॅट छापा आणि शेवटी एन_फ्रेम्स छापा. फ्रेमची संख्या १ आली तर चित्र स्थिरच आहे. जगातली कोणतीही स्क्रिप्ट ते हलवू शकणार नाही.

फाइल सापडतच नसेल तर तिचा पत्ता पाहा. विंडोजचा पत्ता साध्या अवतरणचिन्हांत लिहिला की उलट्या तिरक्या रेषेपुढच्या एन किंवा टी या अक्षराला पायथन 'नवी ओळ' किंवा 'टॅब' समजतं. शिवाय नुसतं फाइलचं नाव दिलं तर पायथन ती फाइल स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये न शोधता, तुम्ही जिथे उभं राहून स्क्रिप्ट चालवली त्या फोल्डरमध्ये शोधतं. दोन्हीवर उपाय एकच: पाथलिबमधला पाथ घ्या, स्क्रिप्टच्या स्वतःच्या पत्त्यावरून तिचं फोल्डर काढा आणि चित्राचं नाव त्याला जोडा. हे आत्ताच करून ठेवलंत तर शेवटच्या टप्प्यावर त्रास होत नाही.

## टप्पा ३: चित्राला हात लावण्याआधी विंडो

क्रम इथे काटेकोर आहे. आधी विंडो तयार करा (टीके डॉट टीके, दुसऱ्या टीकेचं पहिलं अक्षर मोठं), मग लेबल, आणि त्यानंतरच फोटोइमेज, म्हणजे टीकेला दाखवता येईल अशा रूपातलं चित्र. विंडो नसताना फोटोइमेज बनवायला गेलात तर 'चित्र बनवायला अजून फार लवकर आहे' या अर्थाची त्रुटी मिळते. ती अक्षरशः खरी आहे. फोटोइमेज राहते टीकेच्या पोटात, आणि विंडो बनेपर्यंत टीके सुरूच झालेलं नसतं.

एका स्क्रिप्टमध्ये ही मूळ विंडो एकदाच बनवा. दुसरी विंडो हवी असेल तर टॉपलेव्हल वापरा. दोन मूळ विंडो केल्या की एकीची चित्रं दुसरीला सापडत नाहीत आणि 'असं चित्रच नाही' अशी त्रुटी येते.

लेबलमध्ये जोडाक्षरं लिहिणार असाल तर एक सूचना. विंडोजवर 'क्ष', 'ज्ञ' नीट दिसतात, पण लिनक्सवरच्या टीके ८.६ मध्ये ती फुटलेली दिसू शकतात. दोन्हीकडे चालवायचं असेल तर मजकूर चित्रातच काढून घ्या.

## टप्पा ४: फ्रेम सुट्या करा

टीकेइंटरच्या स्वतःच्या फोटोइमेजलाही गिफ वाचता येतं आणि 'गिफ वजा इंडेक्स ३' असं फॉरमॅटमध्ये सांगितलं तर ती चौथी फ्रेम काढून देते (मोजणी शून्यापासून). मग पिलो कशाला?

कारण गिफमधली प्रत्येक फ्रेम म्हणजे पूर्ण चित्र असेलच असं नाही. फाइल लहान राहावी म्हणून पुष्कळदा फक्त बदललेला तुकडा साठवलेला असतो, आणि सोबत एक सूचना असते: हा तुकडा दाखवून झाल्यावर तसाच ठेवा, पुसून टाका, किंवा आधीचं चित्र परत आणा. या सूचना पाळत तुकडे एकमेकांवर रचले तरच खरं चित्र तयार होतं. टीकेची फोटोइमेज ही रचना करत नाही. 'क'च्या गिफमध्ये पहिली फ्रेम पूर्ण दिसते आणि पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये रेघेचा एकेक तुकडाच उरतो, बाकीचं अक्षर गायब. पिलो फ्रेम पुढे सरकवताना ही रचना स्वतः करतं. म्हणून पिलो घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक फ्रेम पूर्ण असलेलं गिफ तुम्ही स्वतः बनवलं असेल, तरच त्याच्याशिवाय चालवा.

ओळी अशा:

मूळ = इमेज.ओपन(पत्ता)
चित्रे = []
वेळा = []
फॉर फ्रेम इन इमेजसीक्वेन्स.इटरेटर(मूळ):
    पूर्ण = फ्रेम.कन्व्हर्ट("आरजीबीए")
    चित्रे.अपेंड(इमेजटीके.फोटोइमेज(पूर्ण))
    वेळा.अपेंड(इंट(फ्रेम.इन्फो.गेट("ड्युरेशन", १००)))

प्रत्येक ओळीला कारण आहे. इटरेटर दर फेरीला नवं चित्र देत नाही. तेच मूळ चित्र पुढच्या फ्रेमवर सरकवून हातात देतो. तेव्हा फ्रेम तशीच यादीत टाकलीत तर यादीभर एकच वस्तू भरते आणि शेवटी सगळीकडे शेवटची फ्रेम दिसते. कन्व्हर्टमुळे वेगळी प्रत मिळते आणि पारदर्शक भागही जपला जातो.

वेळ कन्व्हर्टच्या नंतर वाचली आहे, तीही मुद्दाम. गिफच्या बाबतीत आधी वाचली तरी चालतं, पण वेबपीमध्ये फ्रेम प्रत्यक्ष उलगडल्यावरच तिची वेळ कळते. इंट यासाठी की हलत्या पीएनजीत पिलो वेळ दशांशात देतं आणि टीकेला दशांशातली वेळ चालत नाही.

आकार लहान करायचा असेल तर तोही इथेच, फोटोइमेज बनवण्याआधी, प्रत्येक फ्रेमवर एकदाच. चित्र हलत असताना दर वेळी रिसाइझ करणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. जुन्या संगणकावर त्या अडखळतात आणि दोष गिफला मिळतो.

स्मृतीचा हिशेब करा. उघडलेल्या चित्राला प्रत्येक ठिपक्यामागे किमान ४ बाइट लागतात. फाइल डिस्कवर किती लहान आहे, याचा इथे काही उपयोग नाही. ३०० बाय ३०० ची एक फ्रेम म्हणजे ३,६०,००० बाइट. अशा ४० फ्रेम म्हणजे १ कोटी ४४ लाख बाइट. आता ३६ अक्षरांची सगळी गिफं सुरुवातीलाच उघडून ठेवलीत तर ५१ कोटी बाइटांच्या वर जाता, म्हणजे सुमारे अर्धा जीबी. शाळेतल्या २ जीबीच्या संगणकाला हे पेलत नाही. त्यामुळे निवडलेल्या अक्षराच्याच फ्रेम उघडा, अक्षर बदललं की जुनी यादी रिकामी करा. 'पूर्ण' या प्रती वेगळ्या यादीत साठवू नका, नाहीतर हाच हिशेब दुप्पट होतो.

## टप्पा ५: आधी एक फ्रेम स्थिर दाखवा

हलवण्याची घाई करू नका. लेबलला चित्रे[०] द्या, मेनलूप (विंडो चालू ठेवणारी टीकेची फेरी) सुरू करा आणि पाहा.

रिकामा चौकोन दिसला तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. फोटोइमेज एखाद्या फंक्शनच्या आत बनवलेली असते आणि फंक्शन संपताच पायथन तिला फेकून देतं. लेबलने चित्र धरून ठेवलं असेल असं वाटतं, पण लेबलकडे असतं फक्त चित्राचं नाव. पायथनमधली वस्तू गेली की टीकेमधलं चित्रही पुसलं जातं, आणि त्रुटीचा एक शब्दही येत नाही. म्हणूनच नवशिक्यांना ही चूक सगळ्यात जास्त छळते.

उपाय: चित्रे ही यादी फंक्शनच्या बाहेर ठेवा, किंवा वर्ग लिहीत असाल तर सेल्फला जोडा. विंडो उघडी आहे तोवर जिवंत राहील अशा ठिकाणी ती असली की झालं.

पारदर्शक भागात लेबलचा स्वतःचा रंग दिसतो. अक्षराभोवती राखाडी पट्टा नको असेल तर लेबलचा आणि विंडोचा पार्श्वरंग एकच करा. कडेची एक-दोन ठिपक्यांची चौकट दिसत असेल तर लेबलची बॉर्डर शून्य करा.

तपासणी: चित्रे[०] च्या जागी मधली एखादी आणि मग शेवटची फ्रेम देऊन पाहा. तिन्ही पूर्ण आणि एकमेकींपासून वेगळ्या दिसल्या, की टप्पा ४ बरोबर झाला. तसं झालं नाही तर चूक त्याच टप्प्यात आहे. पुढे गेल्यावर ती सापडणं कठीण होईल.

## टप्पा ६: आता हलवा

आपोआप सुचणारा मार्ग असा: व्हाइल ट्रू, आत चित्र बदला, टाइम डॉट स्लीप, पुन्हा चित्र बदला. हा मार्ग चुकीचा आहे आणि तो थोडीफार डागडुजी करून सुधारत नाही.

मेनलूप म्हणजे विंडोचा श्वास. क्लिक ऐकणं, चित्र पडद्यावर उमटवणं, विंडो हलवणं, बंद करणं हे सगळं त्याच एका फेरीत होतं. तुमची व्हाइलची फेरी सुरू झाली की मेनलूपला पाळीच मिळत नाही. स्लीपने तर पूर्ण विंडो झोपते. मग कोणीतरी सांगतं की आत अपडेट ही आज्ञा टाका. ती टाकली की चित्र हलल्यासारखं दिसतं, पण विंडो बंद केली तरी फेरी चालूच राहते आणि नसलेल्या लेबलवर चित्र ठेवायला जाऊन त्रुटी देते. वेगळ्या थ्रेडमधून लेबल बदलणं हाही उपाय नाही. टीकेची कामं मुख्य थ्रेडमध्येच राहू द्या.

बरोबर मार्ग म्हणजे एक फ्रेम दाखवायची, 'इतक्या वेळाने मला पुन्हा बोलाव' असं टीकेला सांगायचं आणि लगेच बाजूला व्हायचं. आफ्टर ही आज्ञा याचसाठी आहे.

डेफ दाखव(क्रमांक):
    ग्लोबल हातखूण
    लेबल.कॉन्फिगर(इमेज=चित्रे[क्रमांक])
    पुढचा = (क्रमांक + १) % लेन(चित्रे)
    हातखूण = विंडो.आफ्टर(वेळा[क्रमांक], दाखव, पुढचा)

आफ्टर जी ओळख परत देतं ती हातखूणमध्ये राहते, पुढे साखळी थांबवायला ती लागेल. मेनलूपच्या आधी 'हातखूण = नन' (पायथनमधलं 'काहीच नाही') ठेवा आणि दाखव(०) एकदा म्हणा. टक्क्याचं चिन्ह इथे भागाकाराची बाकी काढतं, त्यामुळे शेवटच्या फ्रेमनंतर क्रमांक पुन्हा शून्यावर येतो.

सावधान: आफ्टरमध्ये फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं, त्याला द्यायची किंमत स्वल्पविरामानंतर. दाखव(पुढचा) असं कंसासकट लिहिलंत तर ते फंक्शन तिथेच, त्याच क्षणी चालतं. ते पुन्हा स्वतःला बोलावतं, असं करत करत पायथन पुनरावर्तनाची मर्यादा ओलांडल्याची त्रुटी देऊन थांबतं. अशी त्रुटी दिसली की सरळ आफ्टरच्या ओळीतले कंस पाहा.

गिरवण्याचं चित्र अनंत काळ फिरत राहणं मला योग्य वाटत नाही. शिरोरेषा पूर्ण झाली की क्षणभर तरी अक्षर स्थिर दिसलं पाहिजे, म्हणजे मूल ते पाहून पाटीवर काढू शकेल. त्यासाठी शेवटच्या फ्रेमची वेळ २,००० मिलिसेकंद करा, किंवा पुढचा शून्य आला की आफ्टर म्हणूच नका. चित्र कितीदा फिरावं हे काही गिफमध्ये लिहिलेलं असतं. इन्फोमध्ये 'लूप' या नावाने ते मिळतं आणि तिथे शून्य म्हणजे अखंड. लेबल ते वाचत नाही. पाळायचं की नाही, ते तुमच्या हातात आहे.

## टप्पा ७: वेग

'ब्राउझरमध्ये छान चालतं, माझ्या स्क्रिप्टमध्ये भरधाव सुटतं.' ही तक्रार आली की वेळा ही यादी छापून पाहा. तिच्यात शून्य किंवा १० दिसतील.

गिफमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहिलेली असते. पिलो ती मिलिसेकंदात करून देतं, म्हणून संख्या दहाच्या पटीत दिसतात. पुष्कळ गिफ बनवणाऱ्यांनी ती शून्य किंवा १ ठेवलेली असते. ब्राउझर अशा अतिलहान वेळेला १०० मिलिसेकंद धरतात, म्हणून तिथे चित्र शांतपणे चालतं. तोच नियम आपणही लावावा: वेळ २० पेक्षा कमी असेल तर १०० धरा. शून्य तसाच ठेवलात तर प्रोसेसर विनाकारण राबतो.

सगळ्या फ्रेमना सरसकट १०० देणं हा सोपा रस्ता दिसतो. गिरवण्याच्या चित्रात तो घेऊ नका. वळणावर रेघ सावकाश जाते आणि सरळ दांड्यावर भराभर, हे त्या वेगवेगळ्या वेळांमुळेच कळतं.

सोबत आवाज असेल तर आणखी एक अडचण येते. आफ्टरला ४० म्हटलं म्हणजे 'किमान ४०' असा अर्थ होतो. विंडोजचं घड्याळ साधारणपणे १५.६ मिलिसेकंदांच्या पावलांनी चालतं, त्यामुळे ४० ऐवजी ४७ लागू शकतात. १०० फ्रेममध्ये हे साचत साचत अर्ध्या सेकंदाच्या वर जातं, आणि 'क कमळाचा' म्हणून झालं तरी शिरोरेषा काढणं चालूच राहतं. अशा वेळी सुरुवातीचा क्षण टाइम डॉट पर्फ_काउंटरने टिपून ठेवा. प्रत्येक फ्रेम सुरुवातीपासून कितव्या मिलिसेकंदाला यायला हवी ते बेरजेने काढा आणि आफ्टरला दर वेळी 'यायची वेळ वजा आत्ताची वेळ' द्या. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा. एका फ्रेमला झालेला उशीर पुढची फ्रेम भरून काढते.

आवाज विंडोजच्या विनसाउंडने वाजवत असाल तर असिंक हा पर्याय द्या. नाहीतर आवाज संपेपर्यंत विंडो थिजते आणि कारण शोधताना तुम्ही आफ्टरलाच बोल लावाल.

## टप्पा ८: थांबवणं, बदलणं, बंद करणं

दुप्पट वेगाची तक्रार इथली. 'क' चालू असताना 'ख' दाबला. पहिली आफ्टरची साखळी जिवंत आहे आणि दुसरी सुरू झाली. दोन्ही एकाच लेबलवर चित्रं ठेवतात. तीनदा दाबलं तर तीन साखळ्या.

अक्षर बदलताना क्रम असा ठेवा:

१. हातखूण नन नसेल तर विंडो डॉट आफ्टर_कॅन्सल(हातखूण) म्हणा आणि हातखूण पुन्हा नन करा.
२. नव्या अक्षराच्या फ्रेम वेगळ्या, तात्पुरत्या यादीत उघडा.
३. त्यातली पहिली फ्रेम लेबलला द्या.
४. आता चित्रे आणि वेळा बदला. जुनी यादी इथे सुटते.
५. दाखव(०).

तिसरी आणि चौथी पायरी उलटी केलीत तर लेबल अजून जुनं चित्र दाखवत असतानाच ते पुसलं जातं आणि क्षणभर रिकामा चौकोन लुकलुकू शकतो. हे फंक्शन लिहिताना चित्रे, वेळा आणि हातखूण तिन्ही ग्लोबल म्हणून सांगायला विसरू नका.

विंडो बंद करताना अजून वाट पाहणारी एक आफ्टर मागे राहू शकते. मग टर्मिनलवर 'अवैध आज्ञेचं नाव' अशी त्रुटी उमटते. प्रोटोकॉल या आज्ञेने विंडो बंद होण्याच्या घटनेला आपलं फंक्शन जोडा. त्यात आधी आफ्टर_कॅन्सल, मग डिस्ट्रॉय.

तपासणी: एकाच अक्षराचं बटण भराभर दहा वेळा दाबा. वेग बदलता कामा नये. मग चित्र हलत असतानाच विंडो बंद करा. टर्मिनल कोरं राहिलं पाहिजे.

## टप्पा ९: वर्गातल्या संगणकावर नेताना

पूर्ण पडदा हवा असेल तर अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये फुलस्क्रीन खरं करा. पण त्याआधी एस्केप कळीला बंद करण्याचं फंक्शन जोडा. पूर्ण पडद्यावर बंद करायचं बटण दिसत नाही, आणि बाहेर कसं पडायचं हे शिक्षकांना कळलं नाही तर ते थेट वीज बंद करतात.

विंडोजवर चित्र धूसर दिसत असेल, तर पडद्याचं प्रमाण १२५ किंवा १५० टक्के आहे का ते पाहा. विंडोज अख्खी विंडो ताणून मोठी करत असतं. सीटाइप्समधून 'सेट प्रोसेस डीपीआय अवेअरनेस' ही आज्ञा विंडो बनवण्याच्या आधी दिली की ताणणं थांबतं. मात्र चित्र आकाराने लहान दिसेल, तेव्हा ते टप्पा ४ मध्ये पुन्हा मापून घ्या.

काळी टर्मिनल विंडो नको म्हणून फाइलचं शेपूट पीवायडब्ल्यू करतात. ते अगदी शेवटी करा. त्या रूपात त्रुटी कुठेच दिसत नाही, स्क्रिप्ट नुसती उघडत नाही.

नेताना स्क्रिप्ट आणि चित्रांचं फोल्डर एकत्र न्या. पायइन्स्टॉलरने (स्क्रिप्टची थेट चालणारी फाइल बनवणाऱ्या साधनाने) एक फाइल बनवत असाल तर चित्रं त्यात आपोआप जात नाहीत. अ‍ॅड-डेटा या पर्यायाने ती सांगून घालावी लागतात. मग ती फाइल तुमच्या संगणकावरच्या वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये ठेवून चालवा, आणि मूळ चित्रांच्या फोल्डरचं नाव तेवढ्यापुरतं बदलून ठेवा. तरीही 'क' हलला, तरच ती पेनड्राइव्हवर घ्या.